सहकुटुंब, सहपरिवार पळून जाणे

लग्नात मुलीला बोहल्यापर्यंत आणायचा मान मामाचा. मुलगीच बोहल्याला नको म्हणाली तर मामाने काय करायचं, याबद्दल शास्त्र गप्प आहे. पोळ्याच्या आसपास एका दुपारी भाचीने मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मामाजी, आम्ही पळून जाऊन लग्न करतो म्हणतो. तारकर्लीला, समुद्रावर. सहाच माणसं. तुम्ही जमवून द्या."

मी आधी मुलाचं नाव विचारलं. तोच होता. साखरपुड्यात ज्याला मी स्वतः नारळ दिला, तोच. दोन्ही घरांना पसंत; तिच्या आईला तर तो तिच्याही आधी पसंत पडला होता. पळून जायला निदान एखादा काका तरी विरोधात लागतो. इथे झाडून सगळे काका बाजूने होते, आणि दुखणं तेच होतं. पोरीला घरच्यांपासून पळायचं नव्हतं, लग्नापासून पळायचं होतं.

भंडारा जिल्ह्यातलं लग्न ज्याने जवळून पाहिलंय त्याला तिचं म्हणणं पटेल. आमच्याकडे आवतण चूलबंद असतं. ज्या घरी ते गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. तान्ह्या लेकरापासून मुक्कामी आलेल्या जावयाच्या मित्रापर्यंत सगळे मांडवात. तिच्या मोठ्या बहिणीच्या वेळी यादी 800 वर गेली, तेव्हा कोणीतरी शांतपणे म्हणालं, "हं, आता गावातले धरा."

घरात बातमी मी फोडली नाही, तरी संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांना माहीत होती. मोठी माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर न करता विचारलं, "पळून कायले जाते वं? मागं कोनी लागलं हाये का?"

मागे कोणी लागलेलं नव्हतं. पण गंमत पाहा. हीच मोठी माय दोन वर्षांपूर्वी या पोरीच्या हातात एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर' देऊन बसली होती. उपवर मुलीने ही पोथी वाचली की लग्न लवकर जुळतं, असं घरोघर मानतात. नाथांनी ती 1571 साली काशीत पुरी केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या आया आपल्या मुलींना बघून-सवरून, रीतसर, चार लोकांत लग्न व्हावं म्हणून जी गोष्ट वाचायला देतात, ती नियोजित वराला मांडवात सोडून दुसऱ्याच्या रथात बसून समुद्रकाठी निघून गेलेल्या मुलीची आहे. पोरींनी मन लावून वाचली, तर त्यांचं काय चुकलं?

आणि ती मुलगी कुठली? आपल्याच विदर्भाची. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर तिचं माहेर. ते पडलं अमरावती जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात, आणि आम्ही पडलो झाडीतले. एरवी वऱ्हाडाचं मोठेपण आम्ही सहजी मान्य करत नाही, पण समुद्रावर पळून जाण्याच्या बाबतीत आद्य मान त्यांचाच. ज्या देवीच्या दर्शनाला जाऊन ती निसटली ती आमचीच अंबादेवी, असं अमरावतीकर सांगतात. पण हक्क सांगणारे तेवढेच नाहीत. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूर नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे; लग्न आमच्याकडे लागलं म्हणून तिथे दरवर्षी रामनवमीपासून जत्रा भरते. त्याच जत्रेला 2018 पासून अरुणाचलची मंडळी येतात, कारण तिथले इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक मानतात. एक पोरगी पळून गेली आणि देशाच्या दोन्ही टोकांना सोयरीक झाली. बघून-सवरून केलेल्या लग्नात एवढं कुठे होतं!

भागवतातलं तिचं पत्र मी भाचीसाठी मुद्दाम पुन्हा वाचलं. सगळे त्याला प्रेमपत्र म्हणतात. प्रेम आहे, पण सात श्लोकांत खरा जीव नियोजनाचा आहे. कोणत्या दिवशी यायचं, गुपचूप यायचं पण सोबत माणसं आणायची, लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेची यात्रा गावाबाहेर निघते तिथे गाठायचं, म्हणजे महालात शिरून माझ्या नातेवाइकांना मारावं लागणार नाही. नातेवाइकांचा विचार करून पळून जाणारी ही पहिलीच मुलगी असावी. त्यातल्या एका नातेवाइकाचं मात्र व्हायचं ते झालंच. भाऊ रुक्मी पाठलागावर गेला आणि डोकं-मिशा अर्धवट भादरून घेऊन बसला. तोंड दाखवायला माघारी न येता त्याने भोजकट नावाचं नवं नगर वसवून टाकलं. आमच्याकडे रुसलेला भाऊ फार तर आहेर परत करतो.

पुढचा तपशील मला सगळ्यात जड गेला. श्रीकृष्ण आनर्ताहून निघाला तो एका रात्रीत विदर्भात पोहोचला. एका रात्रीत! आमची महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघते ती कोल्हापूरला दुसऱ्या दिवशी दुपारी.

तर प्रवास. पळून जाण्याची पहिली अडचण म्हणजे भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तिथवर ऑटो करावा लागतो, आणि ऑटोवाला वडिलांना ओळखत नसेल असा भंडाऱ्यात होणे नाही. तो आधी "बॅगा कायच्या जी?" विचारेल, मग "बाबाजी नाही दिसत?" विचारेल, आणि स्टेशन येईपर्यंत बाबाजींना फोन झालेला असेल. वरठीहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण, मग तारकर्ली. विदर्भ एक्सप्रेसमध्ये लपून बसण्यापेक्षा भंडाऱ्याच्या गांधी चौकात लपणं सोपं. अख्खी गाडी गोंदिया-तुमसर-भंडारा-नागपूरकरांची. वर्धा येईपर्यंत डबे उघडून एकमेकांची गावं, आडनावं आणि आत्या निघालेल्या असतात. नागपूरहून मडगावला जाणारी एक विशेष गाडीही आहे, आडवाटेने कोकणात उतरवणारी. पण ती आठवड्यातून दोनच दिवस. घर सोडून पळायचं आणि तेही गाडीचा वार पाहून, हे भाचीला फार अपमानास्पद वाटलं.

शिवाय कायदा. तिला होमहवन नको होतं, सहीचं लग्न हवं होतं. म्हणजे 1954 चा विशेष विवाह कायदा. एका वकील मित्राने तो मला समजावून सांगितला, आणि ज्यांनी तो केला त्यांच्या घरी लग्नाच्या मुली असणार, अशी माझी खात्री झाली. तारकर्लीला लग्न लावायचं तर दोघांपैकी एकाने आधी निदान 30 दिवस सिंधुदुर्ग जिल्ह्यात राहायला हवं. मग नोटीस. ती कार्यालयात ठळक जागी लागते. मग हरकतींसाठी आणखी 30 दिवस. म्हणजे पळून जायचं तर दोन महिने आधी निघायला हवं. एवढी रजा मुलाच्या पुण्याच्या कंपनीत बाळंतपणालाही मारामारी करून मिळते. खरी मेख पुढे आहे. नोटीस देणारे त्या जिल्ह्याचे कायमचे रहिवासी नसतील, तर तिची प्रत त्यांच्या मूळ जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्याही फलकावर लागते. पळायचं तारकर्लीला, दवंडी भंडाऱ्यात! आणि सरकारी फलक कोण वाचतो, असं समजू नका. कोणत्याही कचेरीत साहेब जागेवर येईपर्यंत माणसाला वाचायला दुसरं असतं काय?

कायद्यात एक गोड जागाही सापडली. जादा फी भरली तर विवाह अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर येऊन लग्न लावू शकतो. माझ्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. साहेबांचे बूट हातात, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, बगलेत रजिस्टर, आणि भरती किती वाजता आहे याची एका होडीवाल्याकडे चौकशी चाललेली. मला हे दृश्य इतकं आवडलं की त्यासाठी मी फी भरायला तयार होतो. वकील म्हणाला, "तुम्ही एक करा. आधी भंडाऱ्यात नोंदणी करून घ्या, मग निवांत पळा."

तारीख ठरेना. भाचीने मे म्हटला. थंड देशांतली माणसं ऊब शोधत समुद्रकिनारी येऊन लग्न करतात, हे तिने कुठेतरी पाहिलेलं. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या भंडाऱ्याच्या माणसाला 33 अंशांची ऊब कोण विकणार? मोठ्या मायने तर सोबत शाल घ्यायचं ठरवलं. पण मेमध्ये उन्हाळी धान कापायला येतो, म्हणून मे गेला. जून-जुलैत तिकडे मासेमारी बंद, इकडे रोवणी. दिवाळीनंतर मंडई. मंडई सोडून कोणी पळत नाही. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकी. तिकीट काढून, घोंगडी पांघरून, पळून गेलेल्या नायिकेसाठी रात्रभर डोळे पुसणारी माणसं सकाळी घरी येऊन आधी आपल्या पोरीचा मोबाइल बघतात. तर मंडई झाल्यावर, धान घरात आल्यावर पळायचं, असं सर्वानुमते ठरलं.

सर्वानुमते म्हटलं, कारण तोवर विषय घरच्या बैठकीत आला होता. नोंदणीच्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात ही बातमी पसरली आणि योजनेने बाळसं धरलं. दोन्ही बाजूंनी एकेक धरला तरी तिसरा कोण, यावर पहिलं भांडण झालं. मोठ्या काकाला घेतलं तर धाकटा रुसतो. धाकट्याला घेतलं तर त्याची बायको सोबत येतेच. ती आली तर तिच्या बहिणीने काय घोडं मारलंय? जो-तो म्हणू लागला, "सही नको आमची, फक्त बाजूले उभे राहतो." बाजूला उभे राहणारे 40 झाले. मग स्वयंपाक निघाला. तिकडचा तांदूळ आपल्याला पचणार नाही, यावर दोन्ही कुटुंबांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि चिन्नोरचा एक कट्टा सोबत न्यायचं ठरलं. भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालंय. तो समुद्रापर्यंत पळवून न्यायला कायद्याची हरकत नसावी. मोठ्या मायने आंदणाचा पितळेचा गुंड काढून चिंचेने घासून ठेवला. भंडाऱ्याची पोरगी पितळ घेतल्याशिवाय घराबाहेर पडते कशी? "आणि माय, समुद्रातली मासोळी आधीच खारट असते, तर मीठ नाही टाकत का वं?" असा एक प्रश्न तिने विचारला, त्याचं उत्तर मालवणी माणसानेच द्यावं.

भाची रडकुंडीला आली. मी तिला धीर देण्यासाठी पुन्हा भागवतच काढलं. कृष्ण एकटा गेला खरा, पण भांडण होणार हे ओळखून बलराम अख्खं सैन्य घेऊन मागून गेलाच. म्हणजे पळून जातानाही थोरल्या भावाने वऱ्हाड आणलंच. लग्न द्वारकेत झालं, घरोघर उत्सव झाला, आणि पंगतीला आलेल्यांत कुरू होते, कैकेय होते आणि विदर्भाचेही लोक होते. मुलीला पळवून नेलं म्हणून लढलेल्या देशाची माणसं महिन्याभरात तिच्याच लग्नाला जेवायला बसली असणार. "पाहा," मी म्हटलं, "खुद्द देवाला सहा माणसांत आटपता आलं नाही."

ती काही बोलली नाही. फोन काढून नकाशा बघत बसली. मग हळूच म्हणाली, "मामाजी, अरबी समुद्रापेक्षा आपल्याले बंगालचा उपसागर जवळ आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही."

खरंच. सरळ रेषेत मोजलं तर भंडाऱ्याहून मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचा किनारा जवळ, पुरीसुद्धा मुंबईपेक्षा जवळच. गोंदिया, रायपूर, टिटलागढ करत गाड्या जातात. इकडचं कोणी सहसा भेटत नाही. नोंदणी इथे, आणि मग दोघांनीच, गुपचूप, वरठीच्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरून. तारकर्लीचा डबा भरून गेला तरी चालेल, आम्ही मात्र पूर्वेला. मी तिला लगेच हो म्हटलं. त्यात पुरीला जगन्नाथाच्या देवळात ज्येष्ठ शुद्ध एकादशीला रुक्मिणीहरणाचा सोहळाच करतात. पळून जाणाऱ्यांसाठी यापेक्षा योग्य गाव कुठलं? आम्ही आवाज खाली ठेवला होता. तरीही स्वयंपाकघरातली पळी थांबली.

"अजी," मामी आतून म्हणाली, "पुरीले जगन्नाथाचं दर्शन होते नं? मंग माझ्या आईलेही घेऊन चला. तिची कधीची इच्छा हाये."