इसारशास्त्र : न्हाणीतला बंब बदलण्यापूर्वी

थंड हवेच्या देशांत घर तापवण्याची यंत्रणा बदलणे हा गृहस्थाच्या आयुष्यातील मोठ्या खर्चाचा प्रसंग समजला जातो, आणि कारागिराच्या हाती आगाऊ रक्कम किती ठेवावी यावर तिकडे कायदेही झालेले आहेत. फोंडाघाट येथे हा प्रश्न याच रूपाने उभा राहत नाही, कारण कणकवली तालुक्यातील, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी वसलेल्या या गावात चैत्र-वैशाखात घर आपणहून तापते आणि त्यासाठी कोणालाही इसार द्यावा लागत नाही. तापवावे लागते ते पाणी. ते पिढ्यान्‌पिढ्या न्हाणीत, म्हणजे मागील दारी विहिरीच्या बाजूस असलेल्या स्नानाच्या खोलीत, चुलीवरच्या हंड्यात किंवा बंबात तापत आले. बंब म्हणजे तांब्याची उभी टाकी, जिच्या पोटातून आरपार गेलेल्या नळीत वरून सोडणे (नारळाची वाळलेली साले) आणि लाकडाचे तुकडे टाकले की भोवतालचे पाणी तापते आणि राख खाली पडते. हा बंब काढून छपरावर सौर बंब बसवावा, असा विचार घरातील कर्त्या माणसाच्या मनात, बहुधा मुंबईहून आलेल्या मुलाच्या आग्रहाने, ज्या दिवशी येतो, त्या दिवसापासून प्रस्तुत शास्त्राचा अंमल सुरू होतो.

प्रथम परिभाषा. ‘इसार’ किंवा ‘विसार’ म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम. ‘बयाणा’ हा त्याचाच भाऊबंद. ‘उचल’ म्हणजे मजुराने कामाआधी घेतलेले व नंतर अंगमेहनतीने फेडायचे पैसे, जी ऊसतोडणीच्या मुकादमामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. आणि ‘सुपारी’ म्हणजे तमाशाचा फड किंवा वाजंत्री ठरवताना दिला जाणारा विडा, ज्याचा अर्थ पुढे मुंबईत फारच बिघडला. हे सर्व शब्द मागे पडून आता सर्वत्र ‘ॲडव्हान्स’ हा एकच शब्द चालतो, आणि त्यात खूण, किंमत, कर्ज व आमंत्रण या चारही गोष्टी एकत्र कालवलेल्या असल्यामुळे दिलेले पैसे नेमके कशाचे होते याविषयी देणारा आणि घेणारा यांचे एकमत शेवटपर्यंत होत नाही.

पूर्वी क्रम उलटा होता, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीत सुतार-लोहारांनी वर्षभर शेतकऱ्याची कामे करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला वाटा न्यायचा, अशी रीत होती. म्हणजे काम आधी होई आणि मोबदला मागाहून, आणि चिंता करणे हा कारागिराचा विभाग होता. रोख पैसा आल्यावर ती चिंता हळूहळू घरमालकाकडे सरकली. हा बदल अन्यायाचाच आहे असे म्हणता येत नाही, कारण कणकवलीतील दुकानदार प्लंबरला टाकी उधारीवर देत नाही, आणि काम पुरे झाल्यावर ‘उरलेले गणपतीत देतो’ असे सांगून मुंबईची गाडी पकडणारे चाकरमानीही प्रत्येक वाडीत निघतात. ज्याला मागची बाकी तीन चतुर्थ्यांत मिळालेली नाही, तो पुढच्या घरी आधी हात पुढे करतो, एवढेच.

इसार मागण्याचा विधी पुढीलप्रमाणे संपन्न होतो. प्लंबर येतो, पायऱ्यांशी चपला काढतो, न्हाणीत डोकावतो आणि काही बोलत नाही. नंतर तो खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभा राहून कौलांकडे पाहतो, उतरत्या छपरावर लोखंडी चौकट कशी उभी करावी याचा हिशेब हाताच्या वितींनी हवेत करतो, जुन्या नळाला बोटाने टिचकी मारतो आणि विचारतो, “ह्यां काम कोणी केल्यान?” या प्रश्नाला उत्तर देऊ नये. आधीचे काम करणारा कोण होता यावर तो खेदाने मान हलवणार हे ठरलेलेच असते, आणि ज्याच्या कामावर मान हलवली जात आहे तो कधी कधी तोच असतो. चहा होतो. रकमेचा विषय चहाच्या वेळी निघत नाही; तो निघतो मोटारसायकलला किक मारून झाल्यावर, एक पाय जमिनीवर टेकलेला असताना: “काकानू, मालाचे तेवढे पैशे देवन ठेवा.” इंजिन चालू असल्यामुळे घासाघीस करणे असभ्यपणाचे ठरते, आणि हीच या वेळेची शास्त्रीय योजना आहे.

किती द्यावे, याबाबत कायद्याकडे पाहिले असता मोठे सुख होत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १३ ने बांधकाम व्यावसायिकाला नोंदणीकृत करार केल्यावाचून सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली आहे. न्हाणीचे काम करणाऱ्यावर मात्र असे बंधन नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरदुरुस्तीच्या कंत्राटात १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढेच आगाऊ घेता येते. फ्रान्सच्या नागरी संहितेतील कलम १५९० तर याहून पुढे जाते आणि विक्रीच्या वचनाबाबत सांगते की, इसार देणाऱ्याने सौदा मोडला तर त्याची रक्कम गेली, पण घेणाऱ्याने मोडला तर त्याने दुप्पट परत करावी. रोमन कायद्यातून आलेला हा नियम फोंडाघाटच्या बाजारपेठेत मोठ्याने वाचून दाखवल्यास श्रोत्यांची चांगली करमणूक होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका स्थावर मिळकतीच्या सौद्यात इसार आणि किमतीचा भाग म्हणून आगाऊ दिलेली रक्कम यांत भेद केला: देणाऱ्याने सौदा मोडल्यास करार पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसार जप्त होऊ शकतो, नुसता आगाऊ हप्ता नाही. तेव्हा पावतीवर कोणता शब्द लिहायचा याला महत्त्व आहे.

परंतु पावती बहुधा नसते. असलीच तर ती समोर सापडलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर असते, तिच्यावर ‘सोलर – ॲड.’ एवढी दोन अक्षरे, एक आकडा आणि तारखेऐवजी वार लिहिलेला असतो, आणि पाठपोट पाहिले असता दुसऱ्या बाजूस गणपतीबाप्पा, वधूवरांची नावे व ‘आहेर आणू नये’ ही सूचना वाचावयास मिळते. पैसे मोबाइलवरून पाठवल्यास तारीख आपोआप उमटते, त्यामुळे ही पद्धत अधिक शास्त्रशुद्ध ठरते. मात्र पाठवताना शेऱ्याच्या जागी ‘सौर बंबाच्या मालासाठी’ असे लिहिण्याचे श्रम कोणी घेत नाही.

इसार दिल्यानंतरचा काळ म्हणजे ‘फाल्या’. फाल्या या मालवणी शब्दाचा कोशातील अर्थ उद्या असा आहे. व्यवहारात तो एक पंचांग आहे. “फाल्या येतंय, काळजी करू नकात” हे वाक्य फाल्गुनात ऐकले तर त्याचा अर्थ शिमग्यानंतर, शिमग्यानंतर ऐकले तर लग्नसराई आटोपल्यावर, वैशाखात ऐकले तर आंब्याचे काम उरकल्यावर, आणि मृग लागल्यावर ऐकले तर चतुर्थीनंतर असा घ्यावा. चतुर्थीला मुंबईहून आलेला प्रत्येक चाकरमानी सुटीच्या चार दिवसांत आपल्या घरचे एक तरी काम उरकू पाहतो, त्यामुळे त्या दिवसांत कारागिराला देवाखालोखाल मागणी असते. काम केव्हा होईल हे देवळात कौल लावून विचारण्याची सोय आहे, परंतु छपरावरची कौले केव्हा उचलली जातील या प्रश्नावर देवाचा कौल मागणे हा श्लेष म्हणून ठीक असला तरी देवावर अन्याय करणारा आहे.

या काळात एक दिवस टाकी येते, आणि येथे नवशिक्या यजमानाची फसगत होते, कारण माल येणे म्हणजे काम येणे नव्हे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली टाकी खळ्यात तुळशीच्या पलीकडे आडवी ठेवली जाते, काचेच्या नळ्यांची खोकी पडवीत भिंतीशी लागतात, आणि पंधरा दिवसांत त्या खोक्यांवर आमसुले वाळू लागतात. महिन्याभरात टाकीच्या आडोशाला कोंबडी अंडी घालते. याच सुमारास इसाराचा खरा स्वभाव कळतो. त्या पैशांनी घरमालकाने काम विकत घेतलेले नसते, तर प्लंबरच्या मनातील रांगेत एक जागा घेतलेली असते, आणि रांग कोठे सुरू होते ते फक्त त्यालाच ठाऊक असते. शिवाय आता दुसऱ्याला बोलावता येत नाही. दिलेली रक्कम घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यालाच अधिक घट्ट बांधते.

दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मोबदला पुरा दिला नसून काही दिला व काही द्यायचा कबूल केला, तरी माणूस ग्राहकच ठरतो, ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. जिल्हा आयोग सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, आहे. मात्र तक्रार करणाऱ्याने हेही पाहावे की गणपतीच्या भजनात पखवाज वाजवणारा तोच, बोअरचा पंप बिघडल्यावर रात्री धावून येणारा तोच, आणि भावकीत त्याची बहीण दिलेली आहे. ओरोसला जाणारी वाट कणकवलीवरून जाते, आणि बरेच तक्रारदार कणकवलीतच चहा घेऊन परततात.

म्हणून ज्यांना शास्त्रापेक्षा गरम पाणी हवे आहे, त्यांनी माणसाला पैसे न देता मालाला द्यावेत: कणकवलीच्या दुकानात प्लंबरला सोबत घेऊन स्वतः जावे, टाकीचे बिल व हमीपत्र आपल्या नावाने घ्यावे, आणि मजुरीपैकी थोडी रक्कम चौकट छपरावर चढल्यावर, थोडी नळजोडणी झाल्यावर व उरलेली पहिली गरम आंघोळ झाल्यावर, पण त्याच दिवशी, द्यावी. हा शेवटचा हप्ता गणपतीपर्यंत लांबवू नये. पुढच्या घरच्या इसाराचा आकडा त्यावर ठरत असतो. फेब्रुवारी २०२४ मधील प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान छपरावर वीज तयार करण्यासाठी आहे, पाणी तापवण्यासाठी नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

आणि तांब्याचा जुना बंब भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये. या पट्ट्यात पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो, तो बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि त्या चार महिन्यांत घाटावरचे ढग छपरावर टेकलेले असताना काचेच्या नळ्यांत पाणी जेमतेम कोमट होते. वीज असेल तर टाकीतली विजेची कांडी कामाला येते. नसेल तर सोडणे पेटवावी लागतात.