असईला पुन्हा एकदा

निवृत्त माणसाने काय करावं याची इंग्लंडातल्या आम्हा मराठी मंडळींमध्ये ठरलेली यादी आहे. सकाळी फिरायला जावं, बागेत टोमॅटो लावावेत, मंडळाच्या गणपतीला खुर्च्या मांडाव्यात. तीत लढाया येत नाहीत. त्यामुळे मी पुन्हा वॉरगेमिंग सुरू करतोय असं जाहीर केलं, तेव्हा घरात थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

"म्हणजे ते बाहुले?" बायकोने विचारलं.

मी सांगितलं, की १८२४ साली प्रशियाच्या लष्कराने असाच नकाशावरचा युद्धखेळ आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला होता.

"त्यांना पगार मिळत होता," ती म्हणाली.

वेल्सचा आधार तरी शिल्लक होता. मंगळावरची माणसं पृथ्वीवर उतरवणारे एच. जी. वेल्स १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून बसले. जमिनीवर ओणवं होऊन, स्प्रिंगच्या तोफेने खेळण्यातले शिपाई कसे पाडावेत, याचे त्यात रीतसर नियम आहेत. खेळाडूंचं वय त्यांनी बारापासून दीडशेपर्यंत धरलं आहे. त्या हिशेबाने मी अजून ऐन उमेदीत आहे.

माळ्यावरचा खोका उतरवला. नोकरी नवी होती, मुलं व्हायची होती, तेव्हाची ही फौज. रंगांच्या बाटल्या दगड झालेल्या, संगिनी वाकलेल्या आणि निम्मे शिपाई बिनरंगाचे. आमच्यात ही लाजेची गोष्ट नाही. शिपाई विकत घेणं, ते रंगवणं आणि त्यांच्याशी खेळणं हे तीन स्वतंत्र छंद आहेत आणि पहिला सगळ्यांना उत्तम जमतो. रंगवायचे शिपाई बाकी असताना माणसाला मरण येत नाही, अशीही एक श्रद्धा आहे. क्लबातले पंचाहत्तरीचे गृहस्थ अजून पार्सलं मागवतात ते त्यासाठीच.

शिपायाची उंची अठ्ठावीस मिलीमीटर. पूर्वी मी त्याच्या डोळ्यांत बुबुळंसुद्धा काढायचो. आता चष्म्यावर भिंग लावून बसतो आणि पगोट्याखाली गडद रंगाचा एक फटकारा मारतो. डोळे आत सावलीत आहेत, असं समजून घ्यायचं. गवत मात्र पुडीत विकत मिळतं. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरून रोज पाणी शिंपडणाऱ्याला हे गवत जरा लबाडीचं वाटतं, पण ते पिवळं पडत नाही हेही खरं.

क्लबात मराठी माणूस मी एकटाच. त्यामुळे असईची लढाई मांडायचं ठरलं, तेव्हा शिंद्यांची फौज न मागता माझ्याकडे आली. तारीख २३ सप्टेंबर १८०३, ठिकाण आजच्या जालना जिल्ह्यातलं. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली थोडी फौज घेऊन शिंदे-भोसल्यांच्या प्रचंड सैन्यासमोर आला. मधे केळणा नदी. वाटाडे म्हणाले, पलीकडे जायला उतार नाही. वेलस्लीला दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसली आणि उतार असलाच पाहिजे, हे त्याने ताडलं. तो होताही.

हे मी रात्री जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं. बायकोचं माहेर भोकरदनकडचं. ती म्हणाली, "त्यात काय ताडायचंय? समोरासमोरची गावं आणि जायला वाट नसेल तर सोयरिकी कशा जमतील?"

आता टेबलावर अडचण अशी, की तो उतार कुठे आहे हे मला ठाऊक आहे. दोन तोफा तिथे लावल्या की लढाई चहाच्या आधीच संपेल. म्हणून पंचांनी नियम केला, की इंग्रज पाण्यात उतरेपर्यंत शिंद्यांच्या सेनापतीने नदीकडे बघायचं नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्यालाही इतिहास पाठ आहे. प्रत्यक्षात वेलस्लीच्या उजव्या बगलेची तुकडी भलतीकडे भरकटत थेट असई गावावरच्या तोफांसमोर गेली आणि तिची दाणादाण उडाली. मी संध्याकाळभर त्या भरकटण्याची वाट पाहिली. भूगोलाचा निवृत्त मास्तर तो, कशाला भरकटतोय!

माझ्या बाजूचा सगळ्यात सुंदर नियम गोलंदाजांचा आहे. असईला शिंद्यांचे काही गोलंदाज तोफांपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. खेळात यासाठी फासे टाकावे लागतात. पाच किंवा सहा पडला, की आडवे ठेवलेले गोलंदाज मी पुन्हा उभे करतो. मास्तर दर वेळी तो फासा तपासून बघतो.

तरुणपणी मी पलटणी बेधडक पुढे ढकलायचो. आता मधेच हात थांबतो, कारण त्यातल्या एकेकाच्या कमरपट्ट्यावर माझी एकेक संध्याकाळ गेलेली असते. 'हा जाऊ दे, याचा रंग तसाही उडालाय' असे निर्णय मी घेतो. युद्धशास्त्रात याला काय म्हणतात कोण जाणे. शिवाय ताजी रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत हमखास पळते, हा जगभरच्या वॉरगेमरांचा अनुभव. माझी तर नदीपर्यंत पोचायच्या आधीच पळाली.

इतिहासात इंग्रजांनी ९८ तोफा जिंकल्या, पण त्यांची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. आमच्या टेबलावरही जिंकले तेच, फक्त हॉल बंद करायची वेळ झाल्यामुळे जरा घाईने.

पुढच्या महिन्यात हीच लढाई पुन्हा मांडायची आहे. मास्तर सुट्टीवर जातोय, तेव्हा वेलस्ली कोण होणार हा प्रश्न निघाला आणि मी बायकोचं नाव सुचवलं.

"माहेरावर चाल करून जाऊ?" ती म्हणाली. मग भाजी परतता परतता तिने विचारलं, "तोफा किती देणार?"