एका गाण्याला किती पडलं?

लेकरांना पहिल्या रॉक कॉन्सर्टला नेणारा बाप महाराष्ट्रात सगळीकडे आढळतो; पण त्याचा अस्सल नमुना पाहायचा तर जालना जिल्ह्यातच यावे लागते. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा सळई, बियाणे आणि मोसंबी यांसाठी ओळखला जातो. तिन्ही वस्तूंचा भाव रोज सकाळी निघतो आणि संध्याकाळपर्यंत त्यावर बोलणे चालते. त्यामुळे इथला माणूस कुठलीही वस्तू हाताळण्याआधी तिचा दर विचारतो. हा बाप गाण्याचाही विचारतो. जगाला त्याचा एकच प्रश्न असतो : एका गाण्याला किती पडलं?

वय चाळीस ते पंचेचाळीस, मोंढ्यात दुकान किंवा बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, खिशाला पेन. ओळख पटायला एवढे पुरते. नातलगाच्या हळदीला ऑर्केस्ट्रा आला की लोक नाचतात. हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून रेघा ओढतो. पाच गाण्यांवर आडवी रेघ. रात्री साडेबाराला तो वधुपित्याला गाठतो आणि गाण्याला अमुक रुपये पडले, परतूरचा ऑर्केस्ट्रा निम्म्यात आला असता, हे सांगतो. वधुपिता त्यानंतर पाठवणीपर्यंत त्याच्या वाटेला जात नाही. भजनी मंडळालाही त्याने सोडलेले नाही. तिथे बिदागी नारळाची असल्याने आकडा फार लहान निघतो आणि त्याचे समाधान होत नाही, इतकेच.

अशा माणसाच्या घरी कोल्डप्ले या रॉक बँडच्या कार्यक्रमाची तिकिटे येणे हा निसर्गनियमाला अपवाद वाटेल, पण तो घडला. २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बाराला विक्री उघडली आणि देशभरच्या घरांत जे झाले तेच जालन्यातही झाले. संकेतस्थळ आधी कोसळले, मग उठले आणि ज्याला त्याला लाखांतला रांगक्रमांक देऊन बसले. घरातले सगळे फोन पाटावर मांडून आठवीतली मुलगी त्यांच्यापुढे बसली होती. दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. साडेचार हजारांची तीन तिकिटे लागली तेव्हा मुलगी किंचाळली, तिसरीतला धाकटा ती किंचाळली म्हणून किंचाळला, आणि बापाने विचारले, "किती गाणी म्हणतात?"

"बावीसेक म्हणतात, पप्पा."

"म्हणजे दोनशे पाच."

पुढचे दोन दिवस कठीण गेले. हीच तिकिटे बाहेर कितीतरी पटींनी मागितली जात असल्याच्या बातम्या आल्या आणि त्याने जेवताना नुसताच विचार बोलून दाखवला. मुलीने ताट बाजूला सारले. बियाण्यांच्या धंद्यात चढ्या भावाला माल न विकणारा माणूस वेडा ठरतो. तो तसा ठरायला तयार झाला. मात्र त्याबद्दल घरात कुणी कौतुक केले नाही, ही तक्रार त्याने जानेवारीतल्या कार्यक्रमापर्यंत पुरवली.

तयारीतला मोठा भाग कानांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, आणि १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. लेकरांचे कान तर आणखी नाजूक. कोल्डप्लेच्या अहमदाबादच्या कार्यक्रमाआधी तिथल्या जिल्हा बालसंरक्षण कक्षाने नोटीस काढून मुलांना मंचावर आणू नये, कानाच्या संरक्षणाशिवाय आत घेऊ नये असे बजावले होते. हे वाचून कुठलाही बाप काळजीत पडेल. या प्रकारातला बाप पडला तो वेगळ्या कारणाने. पंधरा मिनिटांत तीन गाणी बसतात. म्हणजे साडेचार हजारांत सुरक्षित गाणी तीनच, गाण्याला दीड हजार. मुलीने समजावले की कानात बोळे घातले की वेळ वाढते. औषधाच्या दुकानातल्या स्पंजाच्या चार पैशांच्या बोळ्यांनी उरलेली एकोणीस गाणी वसूल होतात हे ध्यानात आल्यावर त्याने तीन जोड्यांऐवजी सहा घेतल्या. इतका किफायतीचा सौदा त्याला मोंढ्यात कधी लाभला नव्हता.

वास्तविक हीच लेकरे चालायला लागल्यापासून वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचलेली आहेत. तिथे दुकानांच्या काचा वाजतात, म्हातारी माणसे छातीवर हात ठेवून आत जातात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. ती मिरवणुकीबरोबर चालणाऱ्या पोलिसालाही ठाऊक असते. तिथे कुणाच्या कानात बोळे दिसत नाहीत. वरातीतले गाणे फुकट असते, आणि फुकटच्या वस्तूने अपाय होत नाही अशी जिल्ह्यात पक्की समजूत आहे.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईची वंदे भारत सुरू झाली. तेव्हा पहाटे पाचच्या सुमारास निघून ती दुपारी बाराच्या आत पोचवायची. या बापाच्या लेखी भाडे हा वरखर्च, गाण्याच्या दरात तो धरायचा नाही. धरला तर आकडा ऐकवत नाही. वरखर्च कमी करण्यासाठी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सोललेली मोसंबी बरोबर असतात. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने नेरूळ आणि तिथून गर्दीबरोबर डी. वाय. पाटील स्टेडियम. दारावर बाहेरचे खाणे चालत नाही, हे त्याला तिथे समजते. मग वळणाच्या कठड्यावर बसून लेकरांकडून सगळे धपाटे संपवून घेणे आले. तपासणीचा शिपाई परभणीचा निघाला. त्याने दोन खाल्ले, चटणीची चौकशी केली, आणि डबा रिकामा झाल्यावरच आत सोडले.

आत शिरल्यावर हिशेबाच्या अडचणी सुरू होतात. मुख्य कार्यक्रमाआधी जसलीन रॉयल गायली. ही गाणी बाविसांत धरायची की वरकड? त्याने वरकड धरली आणि पहिल्यांदाच हसला. गायकाने मंचावरून चार शब्द मराठीत म्हटले. सगळे मैदान ओरडले, तेव्हा हा घड्याळ पाहत होता. प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा पट्टा. दूरवरून एक कळ दाबली की अर्ध्या लाखाच्या वर मनगटे एकदम निळी होतात, मग लाल. धाकट्याने आपला हात कानाजवळ नेऊन आत कोण आहे ते ऐकून पाहिले. बापाने पट्टा उलटून त्यावर किंमत लिहिली आहे का ते पाहिले. हे पट्टे वनस्पतींपासून केलेले असतात आणि पुढच्या गावी पुन्हा वापरायचे म्हणून जाताना परत घेतात, हे मुलीने सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याने तिन्ही पट्टे मनात आधीच दरातून वजा केले होते.

धाकटा सहाव्या गाण्याला झोपला. बोळे चांगले निघाले, असे म्हणता येईल. त्याचे दर गाणे साडेसातशेवर गेले. बापाने ही गोष्ट मुलीला कानाशी ओरडून सांगितली, पण तिच्याही कानात बोळे होते.

ही सवय त्याला लागली कुठून, याचे उत्तर मोंढ्यात नाही, कॅसेटच्या दुकानात आहे. मुंबईच्या मुलांना धोबीतलावचे रंगभवन होते, १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव होता. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत मायकेल जॅक्सन आला तेव्हा हा शाळेत होता आणि त्याच्या वाट्याला वर्तमानपत्रातला फोटो आला. जालन्यासारख्या गावात इंग्रजी गाणे हवे असेल तर वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, रिकामी कॅसेट द्यायची, आणि दुकानदार गाण्यागणिक पैसे घेऊन ती भरून देणार. खिशात पैसे किती, यावर यादी किती लांब ते ठरे. एकेक नाव खोडताना तो जे शिकला ते अजून विसरलेला नाही. २००० साली कोल्डप्लेचे 'यलो' आले. त्याने ते यादीत शेवटी घातले, आणि साठ मिनिटांची फीत त्या गाण्याच्या मध्यावर संपली. दुकानदाराने पैसे पूर्ण घेतले. वाद झाला, उपयोग झाला नाही. पुढे कितीतरी वर्षे त्याच्याकडे ते गाणे तेवढेच होते. नंतर फोनमध्ये सगळेच आले. पण सगळे मिळायला लागेपर्यंत दुकान, लग्न आणि कर्ज या क्रमाने इतर गोष्टी आल्या होत्या आणि अर्धवट राहिलेले ऐकून पुरे करण्याचे राहून गेले.

नेरूळला ते गाणे सुरू झाले आणि सगळी मनगटे पिवळी झाली. त्याने एका कानातला बोळा काढला. गाणे संपल्यावर त्याने ते बाविसांतून वजा केले. याचे पैसे आधीच दिलेले आहेत, उरलेले अर्धे आज मिळाले, असे त्याचे म्हणणे पडले. भाजक एकवीस झाला, दर दोनशे चौदावर चढला. त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही.

परतताना गर्दी स्टेशनपर्यंत मुंगीच्या पावलांनी सरकत होती. धाकटा सगळा वेळ त्याच्या खांद्यावर झोपलेला, मुलगी सदऱ्याचे टोक धरून मागे. पट्टे परत घेणाऱ्या मुलाने धाकट्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिले, आणि बापाने उठवावे लागेल म्हणून तिसरा पट्टा राहू द्यावा अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. पट्टा त्याने स्वतःच, लेकराला न उठवता सोडवला. खांद्याचे भाडे वरखर्चातही धरलेले आढळत नाही.

गावी आल्यावर तो दोन दर सांगतो. मोंढ्यात दुप्पट, सासुरवाडीत निम्मा. पण २६ जानेवारीला घात झाला. अहमदाबादचा कार्यक्रम त्या दिवशी घरबसल्या पाहता आला. शेजाऱ्यांनी लोडाला टेकून, चहा पीत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारले, "तुम्हाला एका गाण्याला किती पडलं होतं हो?" तो आठवडाभर मागच्या दाराने ये-जा करीत होता.

त्याच्या घरीही तो कार्यक्रम लागला होता. बायकोने पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत पाहिला. चार महिने लेकरांच्या खोलीच्या दारातून ऐकून तिला सगळी गाणी येत होती. 'यलो'ला तर ती सुरात गायली, आणि घरात प्रथमच कळले की तिला इंग्रजी गाणे येते. तिकिटे तीनच का काढली, हे विचारल्यावर बाप म्हणाला की चौथ्याने गाण्याचा दर वाढला नसता, पण एकूण वाढले असते. असल्या कार्यक्रमांना न गेलेल्या आयांचा प्रकार संख्येने मोठा आहे आणि त्याची नोंद वेगळी करावी लागेल.