पिंपळीतल्या एका हौशी मालकास

महाशय,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. आपल्या आळीत ज्यांना कळायचं त्यांना ते कळेलच, आणि तुम्ही स्वतःला पहिल्या चार ओळींत ओळखाल. गेल्या रविवारी बारामतीतल्या ग्रूमिंगच्या दुकानात तुमचं शित्झूचं पिल्लू टेबलावर होतं, तेव्हा मी माझ्या म्हाताऱ्या कुत्रीचे कान साफ करून घ्यायला तिथंच बाकावर बसलो होतो. तुम्ही कुणाचं ऐकून घेण्याच्या तयारीत नव्हता, म्हणून हे पत्र.

चार महिन्यांचं पोर ते. टेबलावर ठेवताक्षणी त्यानं लघवी केली. शेपूट पोटाखाली गेलेलं, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, आणि पुढच्या दोन्ही पंजांनी ते केस कापणाऱ्या मुलीच्या एप्रनला लटकत होतं. कानामागं आणि काखेत केसांच्या इतक्या घट्ट गाठी झाल्या होत्या की कंगव्याचा दात आत शिरेना. तिनं एक गाठ कात्रीनं अलगद सोडवली, तर खालची कातडी लालभडक, ओलसर. मग नखं. पंजा हातात घेतल्याबरोबर पिल्लानं हिसका दिला, नख जास्त कापलं गेलं, आतली शीर तुटली आणि पांढऱ्या टॉवेलवर रक्ताचे थेंब पडले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर ड्रायर सुरू झाला आणि पिल्लू तिच्या अंगठ्याला कडाडून चावलं.

त्या सगळ्या वेळात तुमच्या हातात मोबाइल होता. ‘बघा, कसली नाटकं करतंय,’ असं म्हणत तुम्ही व्हिडिओ काढत होता. मग मोबाइल खिशात घालून तुम्ही पिल्लाची मान मागून आवळलीत. आणि शेवटी त्या मुलीलाच सुनावलंत, ‘तुम्हाला जमत नसेल तर झोपेची गोळी द्या त्याला.’

नाटक करायला पिल्लाला प्रेक्षक लागत नाहीत. ते तुम्हाला लागतात. पिल्लू जिवाच्या आकांतानं सुटू पाहत होतं, कारण घरी आणल्यापासून त्याचा पंजा कुणी हातात धरला नव्हता, कान उलटून पाहिला नव्हता, अंगाला कंगवा लावला नव्हता. उंच टेबल, अनोळखी हात, कात्री, पाणी, गरम हवेचा घोंगावणारा झोत, हे सगळं एकाच सकाळी त्याच्यावर कोसळलं.

आणि हे तुम्हाला कळत नाही, असं मी मानायला तयार नाही. तुमच्या दारात गोठा आहे. कालवड गाभण राहिली की तुमचे वडील शेवटच्या महिन्यांत रोज तिच्या पाठीवरून, पोटाखालून, कासेवरून हात फिरवत बसतात. का? पहिल्या वेताला धार काढायला बसल्यावर तिनं लाथ झाडू नये म्हणून. तिला खरारा करतात, पाय उचलून खूर बघतात, तोंडानं बोलत राहतात आणि मध्येच मूठभर पेंड पुढं करतात. तुम्ही ज्या घरात वाढलात त्या घरची ही रोजची विद्या. हजारो रुपये मोजून आणलेल्या पिल्लासाठी तीच विद्या वापरायला तुम्हाला दिवसाची पाच मिनिटं मिळाली नाहीत. फोटोंना मात्र मिळाली.

पिल्लू आणलंत तेव्हा ते जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. ‘लहान आणलं की लळा लागतो,’ असं तुम्ही ओट्यावर सांगत होता. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबाबतचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम सांगतात, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आईची ऊब आणि भावंडांची झोंबाझोंबी यांतूनच पिल्लू दात किती लावायचा ते शिकतं. विकणाऱ्यानं ते त्याच्याकडून हिरावलं, आणि तुम्ही पैसे देऊन त्याला साथ दिलीत.

अमेरिकेतले जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कित्येक वर्षं पिल्लं वाढवून, निरखून १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाची ओळख करून घेतं, ही गोष्ट त्यातून ठळक झाली. त्या काळात जे गोडीनं भेटतं ते पुढं आपलं वाटतं. त्यातला बहुतेक काळ तुमच्या हातात होता. आषाढात तुकोबांची पालखी पिंपळीवरून काटेवाडीकडे निघाली, तेव्हा पिल्लाला मांडीवर घेऊन मागच्या अंगणात बसला असतात, दुरून येणारा टाळमृदंग ऐकवत पनीरचे तुकडे भरवले असतेत, तर मोठा आवाज म्हणजे संकट नव्हे हे त्याला उमगलं असतं. तुम्ही ते न्हाणीघरात कोंडलंत. त्याचं केकाटणं आख्ख्या आळीनं ऐकलं.

लस पूर्ण व्हायची होती, ही तुमची सबब. लशी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, चार कुत्री येतात-जातात त्या फरशीवर पिल्लू सोडू नये, हे खरंच. पार्व्हो फार वाईट रोग आहे. पण स्वतःच्या घरात पंजा हातात घ्यायला कुठली लस आडवी येते? शिजवलेल्या कोंबडीचा एक तुकडा, एका नखाला स्पर्श. आज कान, उद्या ओठ उचलून दात. जाड सतरंजी टाकलेल्या स्टुलावर दोन मिनिटं उभं करणं. बायकोचा हेअर ड्रायर आधी बाजूच्या खोलीत, मग दारात, मग थोडा जवळ. शित्झूचे केस वाढतच राहतात, म्हणून रोज मुळापासून कंगवा. आणि दुकानातली पहिली भेट नुसती ओळखीपुरती: टेबलावर चढायचं, त्या मुलीच्या हातून खाऊ खायचा, घरी यायचं. कात्री पुढच्या खेपेला.

आता त्या गोळीबद्दल. शित्झूचं नाक बसकं, श्वासाची वाट मुळात अरुंद. डॉक्टरनं तपासल्याशिवाय असल्या कुत्र्याला गुंगीचं औषध देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. त्या मुलीनं ठाम नकार दिला, म्हणून ते पिल्लू आज जिवंत असेल. आणि मान आवळलीत ना? या जातीचे डोळे उथळ खोबणीत असतात. मान जोरात मागं ओढली तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो.

मला सर्वांत जास्त राग आला तो यानंतर. तिनं रक्त येणारा अंगठा नळाखाली धरून साबणानं धुतला आणि विचारलं, ‘रेबीजची लस झालीय का? कार्ड दाखवा.’ तुम्ही म्हणालात, ‘असेल घरी कुठंतरी.’ रेबीजचा पहिला डोस तिसऱ्या महिन्यात द्यायचा असतो. तुमच्या पिल्लाला तो मिळाला की नाही, हे तुम्हालाच ठाऊक नाही. ती मुलगी दुकान बंद करून दवाखान्यात गेली, इंजेक्शनं सुरू केली, आणि तुम्ही अर्ध्या कामाचे अर्धेच पैसे द्यायचे म्हणून हुज्जत घालत उभे होता.

आज संध्याकाळी कार्ड शोधा. रेबीजची नोंद नसेल तर उद्या सकाळी पिल्लाला डॉक्टरकडे न्या. चावल्याचं सांगा, कातडीवरची लाली दाखवा आणि लस कधी द्यायची ते विचारा. त्या मुलीला फोन करून जे खरं असेल ते सांगा, तिच्या इंजेक्शनांचा आणि बुडालेल्या दिवसाचा खर्च द्या. दहा दिवस पिल्लावर नीट लक्ष ठेवा; खाणं सुटलं, वागणं बदललं तर लगेच डॉक्टरला आणि तिलाही कळवा. कातडी बरी होईस्तोवर कात्रीचं नावही काढू नका. कंगवा, पंजा, खाऊ, एवढंच चालू द्या. जमत नसेल तर वडिलांच्या हाती द्या. गोठ्यातून हात धुऊन आले की ते रोज पाच मिनिटं त्याला घेऊन बसतील, मी त्यांना विचारलंय.

तुमच्याच आळीतला एक शेजारी