सहा सांगून साडेचार

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला असताना वर्धा रोडवरच्या एसी हॉलमध्ये दोन दिवस बसायला मिळणं, हीच मुळात मोठी सुधारणा. हिंगणा एमआयडीसीतले सुपरवायझर वानखेडे 'लीन सिक्स सिग्मा यलो बेल्ट'च्या ट्रेनिंगला आले ते याच हिशेबाने. हा बेल्ट कमरेला बांधत नाहीत, हे घरी तीनदा समजावून झालं होतं.

वेळ साडेनऊची होती. वानखेडे तर्री-पोहे खाऊन, वर चहा घेऊन निवांत पोचले, तरी सुरुवात झाली अकराला.

सरांनी सिक्स सिग्माची, म्हणजे चुका मोजून कमी करण्याच्या पद्धतीची, गोष्ट १९८६ पासून धरली. मोटोरोलातले इंजिनिअर बिल स्मिथ, दहा लाख संधींमागे फक्त ३.४ चुका, मग १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी वाजवलेला डंका. पट्ट्यांचे रंग कराटे-ज्यूदोवरून उचललेले. फरक एवढाच, की इथे पट्टा देणारी सगळ्या जगाची एकच संस्था नाही. ज्याने क्लास काढला, त्याने पट्टा द्यावा.

मागच्या रांगेतल्या एका पोराने गणित घातलं. सहा सिग्मा म्हटलं, तर अब्जात दोनच चुका यायला हव्यात, ३.४ कुठून आले? सर खुलले. कुठलंही काम कालांतराने जागेवरून घसरतं, म्हणून दीड सिग्माची सूट आधीच धरलेली असते. म्हणजे सहा म्हणायचं आणि हिशेब साडेचारचा लावायचा. हॉलमधल्या निम्म्या लोकांना हे अवघड गेलं. वानखेड्यांनी मात्र लगेच मान डोलावली. साडेनऊ म्हणायचं आणि अकराला सुरू करायचं. यात न कळण्यासारखं काय आहे?

जेवणानंतर डोळे मिटायच्या बेतात असताना पडद्यावर मुंबईचे डबेवाले आले. १८९० पासूनची परंपरा, मावळ-जुन्नरकडची माणसं, झाकणावरच्या रंगीत खुणा, आणि खाली ठळक अक्षरांत, 'फोर्ब्जने दिलेलं सिक्स सिग्मा प्रमाणपत्र'.

"सर, त्यायले कोण्ता बेल्ट हाय?" वानखेड्यांनी विचारलं.

हसण्यावारी गेलेला हा प्रश्न खरं तर नेमका होता. फोर्ब्जने असं प्रमाणपत्र कधी दिलंच नाही. १९९८ मध्ये त्या नियतकालिकात एक लेख आला. चूक किती वेळा होते, या प्रश्नावर डबेवाल्यांच्या अध्यक्षांनी ठोकताळ्याने दिलेल्या उत्तरावरून पत्रकाराने आकडा मांडला. त्यात सिक्स सिग्मा हा शब्दही नव्हता. तो पुढे लोकांनी चिकटवला. थोडक्यात, पट्टे विकणाऱ्यांचा लाडका दाखला म्हणजे पट्ट्याविना सव्वाशे वर्षं डबे पोचवणारी माणसं. चुका मोजायला शिकवणाऱ्या वर्गांतूनच ही चूक बिनबोभाट फिरते, याची गंमत कुणी लुटत नाही.

दुसऱ्या दिवशी तीस जणांना सर्टिफिकेटं मिळाली. वानखेड्यांच्या कागदावर 'वानखडे' छापलं होतं. एका मात्रेसाठी नागपूरकराला थेट अमरावतीकडच्या भावकीत ढकललं! ते रागावले नाहीत. फोनवर हिशेब केला: तिसांत एक, म्हणजे दहा लाखांत ३३,३३३. तक्त्यात पाहिलं, तर साधारण ३.३ सिग्मा, तेही सूट धरून. कोर्समधलं एवढं एकच गणित त्यांनी स्वतःहून सोडवलं आणि कागदाच्या मागे लिहून सरांना परत दिलं.

सर वरमले. दुरुस्त प्रत सोमवारी नक्की मिळेल, म्हणाले.

मिळाली दीड महिन्याने.