गाडी उभी आहे हो!

नळ स्टॉपचा सिग्नल लाल झाला की नानांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. हँडब्रेक नाही, न्यूट्रल नाही, आधी मोबाईल. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, गाडी पहिल्यात, चष्मा कपाळावर आणि फोन स्टिअरिंगच्या मधोमध टेकवलेला. टाइप करताना बोट जरा जोरात पडलं की हॉर्न वाजतो. पुढचा स्कूटरवाला दचकून मागे बघतो, त्याला वाटतं आपण वाट अडवलीय, आणि तो बिचारा सरकत सरकत थेट झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन उभा राहतो. नानांना यातलं काहीच कळत नाही. ते सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवाल्याचे आभार मानत असतात.

हे सगळं मी शेजारच्या सीटवरून बघतो, कारण आठवड्यातून दोनदा नाना मला अलका चौकापर्यंत सोडतात. फुकटच्या प्रवासात प्रेक्षकाने शिट्ट्या मारायच्या नसतात, तेव्हा मी सहसा गप्प असतो.

आता नाना बेशिस्त असते तर प्रश्नच नव्हता. पण बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस पीयूसी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवतो. पिवळा दिसला की ब्रेक मारतो, मागच्याच्या शिव्या खातो. गाडी चालू असताना मुलीचा फोन आला तरी वाजू देतो. हेल्मेटच्या फटीत फोन खुपसून, मान एका खांद्यावर पाडून स्कूटर हाकणाऱ्यांना बघून तर त्यांचं बीपी वाढतं. “यांची लायसन्सं जप्त करा!” आणि त्याच दमात, सिग्नल लागला म्हणून, स्वतःचा फोन काढतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “गाडी उभी आहे रे!”

असे नाना प्रत्येक चौकात चार-दोन असतात. कुणी फोन मांडीवर ठेवून असा मान खाली घालतो की वाटावं, देवाला काही कबूल करतोय. कुणी रील बघून एकटाच हसतो. हिरव्या दिव्याकडे यांच्यापैकी कुणीच बघत नाही. मागच्यांचा हॉर्न हाच त्यांचा हिरवा दिवा. पण ते पकडले गेले की ओशाळतात. नाना ओशाळत नाहीत. नानांकडे सिद्धान्त आहे.

एकदा मी धीर करून मोटार वाहन कायदा काढला. कलम १८४. २०१९ च्या दुरुस्तीत, वाहन चालवताना हातातला फोन वापरणं थेट धोकादायक चालवण्यात धरलंय, तेही सिग्नल तोडणं आणि उलट्या दिशेने गाडी घालणं यांच्या पंगतीत. पहिल्यांदा एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

“चालवताना,” नाना म्हणाले. “शब्द नीट वाच. थांबलेली गाडी कुणी चालवतं का? आम्ही बँकेत एका शब्दावर लाखांची कर्जं अडवलीत.”

मी म्हटलं, “पण नाना, कायद्यात चालकाची व्याख्या आहे. टोचन करून नेतात ना, त्या मागच्या बंद गाडीचं स्टिअरिंग धरून बसलेला माणूससुद्धा त्यात चालकच आहे.”

नाना गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो. गरवारे कॉलेजचा थांबा आला तेव्हा शांतपणे म्हणाले, “ती गाडी हलत असते.”

परदेशाचे दाखले देऊन झाले. त्यांचा भाचा इंग्लंडात असतो. तिकडे सिग्नलला उभं असतानाही फोन हातात घेतला तर २०० पौंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील, तर त्या सहातच ते जातं. खुद्द डेव्हिड बेकहॅमला २०१९ मध्ये सहा महिने गाडी चालवायची बंदी झाली. लंडनच्या ट्रॅफिकमध्ये हातात फोन असताना रस्त्यावरच्याच कुणीतरी त्याचा फोटो काढला होता.

“त्याची गाडी हळूहळू चालत होती,” नाना म्हणाले. “पेपरात आलं होतं. माझी उभी आहे.”

एका बाबतीत मात्र नाना स्वतःच्या सिद्धान्तावर पूर्ण विसंबत नाहीत. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत, लक्ष विचलित न होता रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची सोय झाली. तेव्हापासून पोलीस दिसला की नाना झटकन नकाशा पुढे आणतात. तीस वर्षं कोथरूडमध्ये राहणारा माणूस कर्वे रस्त्यावर कर्वे रस्ता शोधत असतो.

गेल्या मंगळवारी खंडुजीबाबा चौकात मात्र नकाशा वेळेवर आला नाही. खिडकीत मामा उभे.

“काका, लायसन.”

“अहो साहेब, गाडी उभी आहे हो!”

“दिसतंय. पाय कशावर आहे?”

“क्लचवर.”

“गियर?”

नाना खोटं बोलत नाहीत. “पहिला.”

“मग पाय सोडा की. बघू उभी राहते का.”

नाना पाय सोडणार नाहीत याची मला खात्री होती, तरी मी दाराची मूठ घट्ट धरली. नानांनी बँकेतल्या आवाजात ‘चालवताना’ या शब्दाचा पदच्छेद सुरू केला. शेजारच्या रिक्षावाल्याला एवढ्या सकाळी फुकटात व्याख्यान मिळालं. तो बाहेर वाकून म्हणाला, “काका, सिग्नलला आमचं मीटर पडतं का नाही?”

“पडतं. ते वेटिंग.”

“वेटिंग का होईना, मी धंद्यावरच आहे ना? नाहीतर मीटर उचलून चहाला गेलो असतो.”

मागचे चार स्कूटरवाले हसले. मामांनी हसू दाबत मशिनवर फोटो काढला, “येईल मेसेज” म्हणाले, आणि दिवा हिरवा झाला.

लकडी पुलावर नाना एक अक्षर बोलले नाहीत. अलका चौकात पुन्हा लाल. आणि तेवढ्यात खिशात टिंग झालं.

नानांनी खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हँडब्रेक ओढला. गियर काढला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे ठेवली. दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालायचा प्रयत्न केला, गुडघा स्टिअरिंगला अडला म्हणून एकच पाय वर घेतला. “आता?” असं मला विचारून त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि मेसेज वाचायला घेतला. दोन हजार. चारचाकीचा दर.

ते दुसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात हिरवा लागला. मागे आधी एक हॉर्न वाजला, मग पीएमपीचा, मग अख्खा चौक वाजायला लागला. कुणीतरी काचेवर थाप मारली, “ओ काका, चालवा की गाडी!”

नानांचा चेहरा उजळला. किल्ली शोधत ते मला म्हणाले, “ऐकलंस? ‘चालवा’ म्हणतायत. म्हणजे इतका वेळ मी चालवत नव्हतो, हे यांनाही मान्य आहे.”