फुल कंट्रोल

धंतोलीत ‘नो पार्किंग’च्या पाटीला टेकवूनच गाडी लावायची रीत आहे. पाटी वाचायचा अधिकार सगळ्यांना, मानायची सक्ती कुणालाच नाही. अशा मुलखात मी सीएंच्या ऑफिसातले सर्व्हर सांभाळतो, म्हणजे कुणी कोणती फाइल उघडावी हे ठरवतो. निदान बिलावर तरी तसं लिहिलेलं असतं.

एका ऑफिसचा सर्व्हर जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांवर, पाण्याच्या माठापासून हातभर अंतरावर आहे. माझ्या आधीच्या माणसानं तिथल्या सगळ्या तक्रारी एका टिचकीत मिटवल्या होत्या : ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’. लिनक्सवाले ह्याच पुण्यकर्माला 777 म्हणतात. वाचायचे 4, लिहायचे 2, चालवायचा 1. मालकाला 7, त्याच्या गटाला 7 आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही 7. मग ऐन सप्टेंबरात, ऑडिटच्या धांदलीत, एका सिमेंटवाल्याचं आख्खं फोल्डर गायब झालं. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल आपल्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, थेट वैकुंठाला जाते. ऑफिसात सुतक. संध्याकाळी फोल्डर सापडलं. कुणाचा तरी माउस घसरला होता आणि सिमेंटवाला शेजारच्या साडीवाल्याच्या पोटात जाऊन बसला होता.

“आता सगळ्यांचं बंद कर,” साहेब म्हणाले. ‘सगळ्यांचं’ म्हणजे त्यांचं सोडून, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ज्याचं जेवढं काम, तेवढाच त्याला अधिकार, असं जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर ह्यांनी 1975 सालीच लिहून ठेवलंय. दोघेही अमेरिकेत एमआयटीतले. आमच्या काकांशी त्यांची गाठ पडली नव्हती. काका म्हणजे हेड अकाउंटंट. पगाराची फाइल त्यांनी जन्मात उघडलेली नाही, उघडायची इच्छाही नाही. पण ती आता उघडणार नाही म्हटल्यावर चष्मा कपाळावर गेला. “काहून गा भाऊ, मी काय चोर आहो का?”

चोर नव्हते, पण कधीकाळी कुणीतरी त्यांना अकाउंट्सच्या गटाबरोबर आर्टिकलच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांच्या, गटातही टाकून ठेवलं होतं. आर्टिकलच्या पोरांवर साहेबांच्या आग्रहानं ‘डिनाय’ची टिक लागली. एकाच फोल्डरवर एका गटातून होकार आणि दुसऱ्यातून नकार आला, तर विंडोज नकाराच्या बाजूनं उभं राहतं. काका आपल्याच टॅलीच्या बॅकअपला मुकले. मी त्यांना आर्टिकलमधून काढलं आणि म्हणालो, “काका, एकदा लॉग ऑफ करून परत या.” गटातला बदल त्याशिवाय लागू होत नाही. काका रोज जाताना फक्त मॉनिटर बंद करत. लॉग ऑफ त्यांनी आयुष्यात केलेलं नव्हतं. “म्हणजे पह्यले मला बाहेर काढणार?” दुपारचा चहा त्यांनी माझ्याकडे पाठ करून घेतला.

आर्टिकलशिप 3 वर्षांची होती, ती आता 2 वर्षांची झाली. म्हणजे सोडून गेलेल्यांची अकाउंट्स दीडपट वेगानं साचतात. कधीच सीए होऊन पुण्याला गेलेल्या एका मुलीच्या नावानं इथे अजून जीएसटीची फाइल सेव्ह होते. तिचा पासवर्ड सगळ्यांना पाठ आहे. साहेबांनी दर महिन्याला पासवर्ड बदलायचा फतवा काढला, तेव्हा पोरांनी जान@123, फेब@123 असं पंचांगच मांडलं. असली सक्ती करू नका, असं अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था 2017 पासून सांगतेय. साहेबांना ते पटत नाही.

पोरांना तरी काय बोलणार! 1962 साली एमआयटीतच अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला कॉम्प्युटरवर मिळणारा वेळ पुरेना. त्यानं शुक्रवारी रात्री पासवर्डची फाइलच छापायला टाकली आणि शनिवारी पहाटे कपाटातून कागद उचलून नेला. आमच्या ऑफिसात त्याला इतकं जागावं लागलं नसतं. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेले आहेत.

परवा सगळं चोख बसलं. गट, टिका, काकांचं लॉग ऑफ, सगळं. साहेबांच्या केबिनमध्ये मी त्यांना त्यांचं फुल कंट्रोल दाखवत होतो, एवढ्यात क्लायंटचा फोन आला. साहेबांनी इकडे क्लिक केलं, तिकडे केलं, आणि पार्टिशनवरून बाहेरच्या एका पोराला ओरडून म्हणाले, “अबे, सिमेंटवाल्याचं बॅलन्सशीट काढ न!”

“माझ्या लॉगिननं काढू का तुमच्या, सर?”

“ज्यानं लवकर निघते त्यानं काढ!”